हात पुढे केलेली बाई

वर्षालीला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. हे तिच्या कोपनहेगनच्या ऑफिसात माहीत होतं, लिस्बनच्या ऑफिसात माहीत होतं, आणि पुण्याच्या ऑफिसात तर चहावाल्यालासुद्धा माहीत होतं. मॅडम हळू बोलायला लागल्या की माणसं आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसत. आर्वीजवळच्या तळेगावच्या समाजमंदिरात मोठा पडदा लावायला आलेल्या डीजेवाल्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं दोनदा विचारलं, "म्याडम, तब्येत बरी नाई का? आवाजच नाई निघून राह्यला तुमचा."

तब्येत ठणठणीत होती. डोकं ठिकाणावर नव्हतं.

डोकं फिरवणारा माणूस पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. येन्स होल्म. मूळचा डेन्मार्कचा, ताडमाड उंच, पन्नाशीला टेकलेला. येताना वाटेत सेवाग्रामला थांबून त्यानं खादीचा कुडता घेतला होता आणि आज तो घालून आला होता. कुडत्याच्या बाह्या कोपराखाली जेमतेम पोचत होत्या. सकाळपासून गावातल्या प्रत्येकाला तो हात जोडून "नमस्कार" म्हणत होता, आणि प्रत्येक जण खूश होत होता. वर्षालीला त्याचाही राग येत होता.

'होल्म चाफले' म्हणजे जगभर इमारती उभ्या करणारी आर्किटेक्टांची कंपनी. वाचनालयं, संग्रहालयं, एक-दोन रेल्वे स्टेशनं त्यांच्या नावावर आहेत. त्यातला होल्म म्हणजे हा, आणि चाफले म्हणजे तळेगावच्या अण्णाजी चाफल्यांची वर्षाली. दोघं कोपनहेगनला एका वर्गात शिकली, दोघांनी मिळून कंपनी काढली, वाटा निम्मानिम्मा. नावात मात्र होल्म आधी. "कानाला बरं लागतं," असं येन्स तेव्हा म्हणाला होता, आणि तेव्हा ते तिलाही खरं वाटलं होतं.

कंपनी कुठे सुरू झाली ते येन्स प्रत्येक भाषणात सांगतो. 'एका भारतीय खेड्यात, कडुलिंबाखाली बसून आम्ही पहिली रेघ ओढली.' ऐकणारे भारावून जातात. वेबसाइटवर त्या झाडाचा फोटोही आहे. ते झाड चाफल्यांच्या अंगणातलं. शिक्षण संपल्यावर त्या हिवाळ्यात येन्स तळेगावात येऊन राहिला होता, गळ्यात कॅमेरा अडकवून संत्र्यांच्या बागांतून हिंडला होता, आणि दोन्ही वेळा वर्षालीच्या आईच्या, विमलाबाईंच्या हातचं जेवला होता. भाषणात झाड येतं. ज्या बाईनं त्या झाडाखाली सतरंजी घातली, पाणी आणून ठेवलं आणि 'या पोराले तिखट सोसत नाई' म्हणून त्याची भाजी वेगळी काढली, ती बाई भाषणात येत नाही. इतकी वर्षं वर्षालीनं हे चालवून घेतलं होतं. भागीदारी म्हटली की माणूस पुष्कळ चालवून घेतो.

आणि चालवून घेण्यामागे एक आशा होती. तिला आपल्या गावात एक तरी इमारत उभी करायची होती. जगाच्या पाठीवर सगळीकडे बांधलं, तळेगावात एक वीट नाही, हे तिला सलत होतं. शेवटी परदेशातली एक संस्था आठवडी बाजारावर छप्पर घालून द्यायला तयार झाली. अट एकच, गावानं ग्रामसभेत ठराव करून बाजाराची जागा द्यायची. वर्षालीनं अख्ख्या बाजारावर सावली पडेल असं छप्पर काढलं. मग संस्थेनं हात आखडता घेतला आणि छप्पर कापत कापत पाव बाजारापुरतं उरलं.

"हे गावाला आधी सांगायचं," वर्षाली म्हणाली होती. "छप्पर एवढंच आहे, चालत असेल तर ठराव करा."

"आधी चित्र," येन्स म्हणाला. "त्यांना जागा अनुभवू दे. मापं शेवटी सांगू."

आज सकाळी पुन्हा तोच वाद झाला होता, आणि पुन्हा येन्सचंच खरं झालं होतं. म्हणून तिचा आवाज उतरला होता.

'आधी चित्र' म्हणजे काय, ते तिला पक्कं माहीत होतं. इमारत किती मोठी आहे ते कळावं म्हणून आर्किटेक्ट चित्रात माणसं घालतात. ती दर वेळी नवीन काढत बसत नाहीत. ऑफिसात माणसांचा साठा असतो. फोटोतून कापून ठेवलेली माणसं, हवी तिथे चिकटवायची. सायकलवाला, छत्रीवाली, फुगा धरलेलं मूल. येन्सची कॉलेजपासूनची एक युक्ती होती. ही माणसं खऱ्यापेक्षा थोडी लहान करून चिकटवायची. कुणाच्या लक्षात येत नाही, पण इमारत एकदम भव्य दिसते. पहिल्यांदा वर्षाली यावरून भांडली होती. मग तिला सवय झाली. मग तीही तेच करू लागली.

साठ्यातल्या माणसांना नावं नसतात, नंबर असतात. डब्ल्यू चौदा ही सगळ्यांची लाडकी होती. एक हात पुढे करून उभी असलेली बाई. राखाडी, धुक्यातून आल्यासारखी, चेहरा पुसलेला. लिस्बनच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर ती होती, संग्रहालयाच्या दारात होती, स्टेशनच्या फलाटावर होती. तिचा तो पुढे केलेला हात कुठेही शोभायचा, जणू काही पाहुण्यांना 'या' म्हणतेय. वर्षालीनं स्वतः किती वेळा म्हटलं असेल, "डब्ल्यू चौदाला जरा डावीकडे सरकव, खांब झाकतेय."

सभेला निघण्याआधी तिनं घरी भिंतीवरच्या फोटोला उदबत्ती लावली होती. विमलाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना फोटोचं वावडं होतं. लग्नाकार्यात कुणी मोबाइल वर केला की त्या पदर तोंडावर ओढत, नाहीतर सरळ चुलीकडे चालू लागत. गेल्यावर भिंतीवर लावायला फोटोच सापडेना. शेवटी आधार कार्डावरचं तोंड घेऊन कारंज्याच्या फोटोवाल्यानं मोठं केलं आणि खाली दुसऱ्याच कुणाची पैठणी, दुसऱ्याच कुणाचा गळा जोडून दिला. गळ्यात चार पदरी हार. विमलाबाईंनी असा हार जन्मात घातला नव्हता. अण्णाजी रोज फोटोसमोर उभे राहतात आणि रोज एकच म्हणतात, "हे आपली नोय."

तेव्हा वर्षालीनं येन्सला विचारलं होतं. तू त्या हिवाळ्यात इतके फोटो काढलेस, आईचा एखादा तरी असेल, जरा शोध. पाचच मिनिटांत त्याचं उत्तर आलं. ती जुनी डिस्क केव्हाच गेली, माफ कर, फार गोड बाई होती. पाच मिनिटांत कुणी काय शोधतं, हा विचार तेव्हा तिच्या मनात आला नाही. त्या वेळी ती रडत होती.

समाजमंदिर गच्च भरलं. सरपंच सुलोचनाबाई टेबलामागे बसल्या. पहिल्या रांगेत किराणा दुकानवाले बंडूजी, कारण ते कुठल्याही सभेत पहिल्याच रांगेत बसतात. डाव्या बाजूला बाया, त्यांच्या पुढे भाजी विकणारी तानाबाई. अण्णाजी पंख्याखालच्या खुर्चीत, धुवट धोतरात, पोरीचा कार्यक्रम म्हणून दाढी करून आलेले. येन्स इंग्रजीत बोलणार आणि वर्षाली ते आपल्या भाषेत सांगणार, असं ठरलं होतं.

येन्सनं झाडापासून सुरुवात केली. वर्षालीनं झाड सांगितलं. मग त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र आलं.

खरंच देखणं चित्र होतं. उंचच उंच छप्पर, खाली लांबच लांब सावली, सावलीत माणसं. कोपनहेगनच्या पोरांनी ते रात्रीतून पाठवलं होतं. येन्सनं त्यांना सांगितलं होतं, या वेळी माणसं राखाडी नकोत, मूळचे रंग परत आणा, चेहरे दिसू द्या, खेडं वाटलं पाहिजे. वर्षालीनं ते सकाळी मोबाइलवर बघितलं होतं, आणि मोबाइलवर बघितलं होतं ते छप्पर.

येन्स छपराबद्दल बोलत होता. गाव मात्र छप्पर बघतच नव्हतं. आर्किटेक्टाला चित्रात इमारत दिसते. बाकी सगळ्या जगाला माणसं दिसतात. पंधरा-सोळा वर्षं कंपनी चालवून या दोघांच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

"हा पगडीवाला कोण होय बाप्पा?" बंडूजींनी मोठ्यानं विचारलं. "आपल्या इकडचा नोय हा. राजस्थानी दिसते."

"अन् हे पोरगी पाय, थंडीचा कोट घालून बाजारात आली," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. येन्सला वाटलं, लोकांना छप्पर आवडलं. तोही हसला.

तानाबाई हसली नाही. ती उठून दोन पावलं पुढे आली, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडली, "अवं माय! हे त विमलाबाई होय!"

हसणं बंद झालं.

"विमलाबाईच होय," दुसरी एक जण म्हणाली. "तेच जांभळं लुगडं. पिवळ्या काठाचं. आर्वीहून आणलतं तिनं."

वर्षालीनं वर बघितलं. पडद्यावर, छपराच्या खांबाशी, जांभळ्या लुगड्यात एक बाई एक हात पुढे करून उभी होती. पदर खोचलेला. डावा पाय जरासा बाहेर टाकलेला, गुडघा दुखायचा म्हणून. आणि तोंडावर हसू, फोटो काढायला नको म्हणताना यायचं तेच.

डब्ल्यू चौदा आणि आई, दोघी तिला एकदमच दिसल्या.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती अशी जाते हे वर्षालीला त्या दिवशी कळलं. भिंतीवर परक्या गळ्याची आई लावून बाप दोन वर्षं 'हे आपली नोय' म्हणतोय, आणि ती इथे, आमच्याच कपाटात, नंबर लावून ठेवलेली. जगभरच्या दारांत उभी केलेली. आणि मी, तिच्या पोटची पोर, मी म्हणत होते डावीकडे सरकव, खांब झाकतेय. येन्सचा गळा धरावा असं तिला वाटलं, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा.

अण्णाजी खुर्चीतून उठले. कुणाचा आधार न घेता पडद्यापर्यंत गेले. बायकोच्या चित्रासमोर ते उभे राहिले तेव्हा ती त्यांच्या छातीच्याही खाली येत होती. त्यांनी वळून लेकीकडे बघितलं.

"वर्षे, हे एवढी लहान काऊन दिसते वं? एवढीशी नोती तुही माय."

तिला उत्तर माहीत होतं. तिनं येन्सकडे बघितलं.

"काय झालं?" येन्सनं इंग्रजीत विचारलं. "म्हातारे गृहस्थ अस्वस्थ का आहेत?"

"ते माझे वडील आहेत," वर्षाली म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की त्याला वाकावं लागलं. "आणि ती माझी आई आहे. डब्ल्यू चौदा. माझी आई आहे."

येन्सनं पडद्याकडे बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा कोरा होता. मग त्याला आठवलं. "हो की! ते पहिले कटआउट मीच केले होते, त्या हिवाळ्यातल्या फोटोंवरून."

"डिस्क गेली होती ना?"

"डिस्क गेलीच. पण कटआउट सर्व्हरवर होते." आणि मग, अगदी मनापासून, त्यानं ते वाक्य म्हटलं. "मला वाटलं तुला माहीत असेल. तू तर रोज वापरायचीस तिला."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. ज्या बाईच्या हातचं महिनाभर खाल्लं, तिला त्यानं कापून साठ्यात टाकलं आणि विसरून गेला. लेकीनं फोटो मागितला तेव्हाही त्याला ती आठवली नाही, कारण त्याच्या लेखी फोटो म्हणजे डिस्कवर असतो आणि डब्ल्यू चौदा म्हणजे खांबाशी उभं करायचं सामान.

"पण हे तर फारच छान झालं," येन्सचे डोळे चमकू लागले. "बघ त्यांच्याकडे. सगळे हेलावलेत. सांग त्यांना, आम्ही मुद्दाम घातलं तिला. तिच्या सन्मानासाठी. तिची आठवण म्हणून."

वर्षालीनं समोर बघितलं. खरंच बायांनी हात जोडले होते. तानाबाई पदरानं डोळे पुसत होती.

"मायले मान देला पोरीनं," बंडूजी उभे राहून म्हणाले. त्यांचाही आवाज भरला होता. "एवढी मोठी झाली, पण मायले नाई इसरली."

"मंग काय पाहाचं हाय आता?" सुलोचनाबाईंनी पेन उचललं. "ठराव घेऊनच टाकू ना. साहेब काय म्हणून राह्यले, वर्षाली?"

तिला खोटं बोलण्याचीसुद्धा गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. गाव आपल्याच तोंडानं ते खोटं बोलून मोकळं झालं होतं. ठराव झाला असता, तिच्या गावात तिची इमारत उभी राहिली असती. आणि अण्णाजी तिच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं. आपल्या पोरीनं आईला विसरू दिलं नाही, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांच्याकडून काढून घ्यायचं म्हणजे कसायाचं काम होतं.

मग त्यांनी पुन्हा पडद्याकडे वळून, जरा कमीपणा घेतल्यासारखं, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "मले त अशी लहान नाई आठवत."

म्हणजे आता ते स्वतःच्या आठवणीवर संशय घेत होते. चित्र चुकलं असेल असं त्यांना वाटेना. पोरीनं काढलेलं होतं ना. वर्षालीनं माईक उचलला.

"मान-बिन काई नाई," ती म्हणाली. तिची परदेशातली भाषा, पुण्यातली भाषा, सगळी गळून पडली होती. "हा म्हणते का, आमी मुद्दाम घातलं म्हणून सांग. खोटं होय ते. याले मालूमच नोतं हे कोण होय. अन् मलेबी नोतं. यानं माह्या मायचा फोटो काढला, कापला, तोंड पुसलं, अन् आमी दोघायनं तिले जगभर फुकटची उभी केली. माय गेल्यावर मी फोटो मांगतला तवा नाई म्हणलं यानं. अन् बाबा, तुमाले बरोबर आठवते. माय लहान नोतीच. आमी केली लहान. माणसं लहान केली का इमारत मोठी दिसते, म्हणून केली."

बायांचे जोडलेले हात खाली आले.

"तू काय सांगितलंस?" येन्सनं विचारलं.

वर्षाली लॅपटॉपसमोर बसली. चित्रातली सगळी माणसं तिनं एकदम निवडली आणि त्यांना त्यांच्या खऱ्या मापाला आणलं. विमलाबाई, पगडीवाला, कोटवाली पोरगी, सगळी पडद्यावर वाढली. आणि माणसं वाढताच ते छप्पर, एवढं भव्य छप्पर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली आलं.

"आँ!" बंडूजी म्हणाले. "हे त माह्या गोदामाएवढंच झालं!"

"एवढंच होय ते," वर्षाली म्हणाली. "पयलेपासून एवढंच होतं. चाळीस दुकानं बसतीन."

"चाळीस?" तानाबाईचा आवाज चिरका झाला. डोळे अजून ओले होते, पण ती बाजारात बसणारी बाई होती. "अन् बाकीच्यायनं उनातच बसाचं का वं? कोण बसन सावलीत, हे कोण ठरवन? भांडणं लावून देऊन राह्यले का आमाले?"

मग जो गलका झाला तो झाला. कोण म्हणे पुरं छप्पर द्या, कोण म्हणे नको आम्हाला तुमचं छप्पर. वर्षालीच्या रागाला आता पन्नास तोंडं फुटली होती. सुलोचनाबाईंनी टेबलावर हात आपटला आणि पेनला टोपण लावलं.

"ठराव आज होत नाई. साहेबाले सांगजो, पुऱ्या बाजाराले पुरन असं काहाडून आनजा, मंग पाहू."

पुरेल असं कुणी देणार नव्हतं, हे वर्षालीला ठाऊक होतं. संस्थेची मुदत संपत आली होती. तिच्या गावात आता तिची वीट लागणार नव्हती.

येन्सला शब्द कळले नाहीत, पण पेनाचं टोपण कळलं. त्याचं तोंड लाल झालं. "तू हे स्वतःच्या हातानं मारलंस," तो म्हणाला. "सोळा वर्षं म्हणत होतीस, माझं गाव, माझं गाव. एका फोटोपायी?"

"हो," ती म्हणाली. "आणि पाटीवरून माझं नाव काढ. तुझं आधीपासून पहिलं आहेच, आता एकटंच ठेव. कानाला अजून बरं लागेल."

तिला अजून एक काम करायचं होतं. कापलेलं चित्र खरं तर कापलेलं नसतं, नुसतं झाकलेलं असतं. कुणी मुद्दाम पुसला नसेल तर बाकीचा फोटो फाइलमध्ये तसाच खाली पडून राहतो. तिनं सर्व्हरवरून डब्ल्यू चौदाची फाइल उघडली आणि झाकण काढलं.

पडदाभर चाफल्यांचं अंगण आलं. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, कडुलिंबाचं खोड, ओट्यावर संत्र्यांची पाटी. आणि मध्ये विमलाबाई, पुऱ्या उंचीच्या, हसणाऱ्या, नको नको म्हणणाऱ्या. त्यांच्या पुढे केलेल्या हातात स्टीलचं ताट होतं, आणि ताटात सांबारवडी. सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात ती हिरवीगार मिळाली की विमलाबाईंच्या वड्यांना सगळ्या आळीत तोड नसायची. कटआउट करताना येन्सनं ते ताट काढून टाकलं होतं. वाचनालयात सांबारवडी कशी शोभणार? म्हणून इतकी वर्षं ती बाई जगभर रिकामा हात पुढे करून उभी होती.

गलका आपोआप थांबला. अण्णाजी पडद्यासमोरून हलले नव्हते. त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. "हे आपली होय."

"याचाच फोटो करू बाबा," वर्षाली म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीइतका झाला होता, आणि फाटत होता. "घरी लावू."

अण्णाजींनी मान हलवली. मग त्यांची नजर ताटावर गेली, हाताच्या रोखानं पुढे आली, जिथे फोटो काढणारा उभा असणार तिथे. आणि ते सावकाश येन्सकडे वळले. त्यांच्यामागे सगळं गाव वळलं. कुडत्यातला उंच माणूस हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा होता.

"यालेच देऊन राह्यली ना ते?" अण्णाजींनी विचारलं.

"हो बाबा."

"त्याले इचार," अण्णाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग औषधालासुद्धा नव्हता. "त्याले इचार, आवडलती का म्हणा सांबारवडी?"

वर्षालीनं इंग्रजीत विचारलं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. येन्सनं पडद्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. मग त्यानं हळूच नाही अशी मान हलवली.

"काय म्हणते?" अण्णाजींनी विचारलं.

"आठवत नाई म्हणते, बाबा."

अण्णाजी पुन्हा बायकोच्या चित्राकडे वळून, तिलाच सांगितल्यासारखं, म्हणाले, "दोनदा मांगून घेतलती त्यानं."